घरातला प्रश्न आणि जगाचे सभागृह
(१९४६ ची भारताची तक्रार : एक अभ्यासपाठ)

शालेय इतिहासात संयुक्त राष्ट्रसंघाचा धडा येतो तेव्हा स्थापनेची तारीख, सहा प्रमुख अंगे आणि सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्य एवढे पाठ करून विद्यार्थी मोकळे होतात. त्या धड्याच्या पोटात दडलेली एक हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या पहिल्याच अधिवेशनात, १९४६ साली, एका देशाने दुसऱ्या देशाच्या सरकारविरुद्ध मानवी हक्कांच्या भंगाची तक्रार केली. तक्रारदार होता भारत. प्रतिवादी होते दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य. भारत अद्याप स्वतंत्रही झालेला नव्हता.

या प्रकरणाचा अभ्यास आपण तीन कारणांसाठी करणार आहोत. कायदेमंडळात विचारलेला प्रश्न जगाच्या व्यासपीठापर्यंत कसा पोहोचतो, हे पहिले. अन्याय करणारा नेहमी कोणती ढाल पुढे करतो, हे दुसरे. आणि दुसऱ्याच्या दारात न्याय मागणाऱ्याला स्वतःच्या दारात कोणते उत्तर द्यावे लागते, हे तिसरे. तिसरे कारण आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

१६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून निघालेले ‘ट्रुरो’ हे जहाज नाताळ वसाहतीतील डर्बन बंदराला लागले. उसाच्या मळ्यांवर कराराने बांधलेल्या मजुरांची ती पहिली तुकडी होती. १९११ पर्यंत सुमारे दीड लाख भारतीय मजूर या पद्धतीने तेथे गेले. त्यांत तमिळ, तेलुगू आणि बिहार-संयुक्त प्रांतांतील माणसे अधिक होती आणि दलित-मागास जातींतील कुटुंबांचा भरणा मोठा होता. त्यांच्या मागोमाग गुजराती व्यापारी गेले. आपल्या रत्नागिरी-कुलाब्याकडील कोकणी मुसलमानही केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले. करार संपलेल्या मजुराने परत जावे, अशी गोऱ्या मळेवाल्यांची इच्छा होती. तो तेथेच राहिला, भाजीपाला पिकवू लागला, दुकान थाटू लागला, मुलांना शाळेत घालू लागला. तेव्हापासून त्याच्यावर निर्बंध लादण्याचे सत्र सुरू झाले.

१९२७ साली दोन्ही सरकारांत केपटाऊन करार झाला. त्यानुसार भारताचा एक प्रतिनिधी तेथे राहू लागला. तरीही निर्बंध थांबले नाहीत. १९४३ च्या कायद्याने डर्बनमध्ये भारतीयांच्या जमीन-घर खरेदीला पायबंद घातला. १९४६ साली पंतप्रधान यान स्मट्स यांच्या सरकारने ‘आशियाई भूधारणा व भारतीय प्रतिनिधित्व कायदा’ संमत केला. भारतीयांनी कोठे राहावे आणि कोठे जमीन घ्यावी, हे आता कायदा ठरवू लागला. तेथील भारतीयांनी त्याला ‘घेटो कायदा’ असे नाव दिले. घेटो म्हणजे वेशीबाहेरची सक्तीची वस्ती. हा शब्द आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या कायद्याच्या नावातील दुसरा भाग नीट वाचावा. जमिनीचा हक्क काढून घेताना सरकारने ‘प्रतिनिधित्व’ देऊ केले होते. नाताळ आणि ट्रान्सवाल येथील ठरावीक पात्रतेच्या भारतीयांनी स्वतंत्र मतदारयादीतून संसदेच्या कनिष्ठ सभागृहात तीन प्रतिनिधी निवडून द्यावेत. मात्र ते प्रतिनिधी गोरेच असले पाहिजेत! ज्याच्यावर अन्याय होतो त्याने मत द्यायचे आणि त्याच्या वतीने बोलायचे दुसऱ्याने. पुणे करारानंतरचा आपला अनुभव ज्यांना ठाऊक आहे त्यांना या व्यवस्थेतील मेख लगेच कळेल. भारतीयांनी हे प्रतिनिधित्व नाकारले. १३ जून १९४६ रोजी डर्बनमध्ये सत्याग्रह सुरू झाला. डॉ. मॉन्टी नायकर आणि डॉ. युसूफ दादू हे त्याचे नेते होते. पुढील दोन वर्षांत सुमारे दोन हजार स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला.

सभागृहातील प्रश्न

आता भारताकडे वळू. भारतीय कायदेमंडळात सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने प्रथम मिळाला. उपप्रश्न विचारण्याची मुभा १९०९ मध्ये आली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदापुरती. १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. एका प्रश्नावरून दुसरा प्रश्न विचारता येणे, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु लेखी तयार करून आणलेले उत्तर मंत्री वाचून दाखवतो आणि खरे उत्तर बाहेर येते ते उपप्रश्नातून. इंग्रजी अमलात परराष्ट्र संबंधांविषयीच्या प्रश्नांवर बंधने होती आणि सरकार कायदेमंडळाला जबाबदार नव्हते. प्रश्न विचारून सरकार पडत नसे. तरीही सरकारला तोंड उघडावे लागे आणि ते काय बोलले याची नोंद कायम राहत असे.

दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा विषय केंद्रीय कायदेमंडळात वारंवार निघत असे. त्या रेट्यातून १९४३ साली ‘परस्परता कायदा’ झाला. जे निर्बंध दक्षिण आफ्रिका भारतीयांवर घालते तेच तिच्या नागरिकांवर भारतात घालता यावेत, असा त्याचा आशय होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये तो लागू करण्यात आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हे खाते नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते. मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. दक्षिण आफ्रिकेत भारताचे उच्चायुक्त होते वऱ्हाडचे रामराव देशमुख. मार्च १९४६ मध्ये सरकारने व्यापारी करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली. त्यानंतर उच्चायुक्तांना परत बोलावण्यात आले आणि जुलैमध्ये व्यापारबंदी जारी झाली. तेथील शेतकऱ्यांना लागणारी भारतीय तागाची पोतीही तिच्या कक्षेत आली. आणि २२ जून १९४६ रोजी भारत सरकारने राष्ट्रसंघाच्या महासचिवांकडे तक्रार दाखल केली.

येथे एक मूलभूत प्रश्न विचारला पाहिजे. डर्बनच्या भारतीयांनी आपले गाऱ्हाणे आपल्याच देशाच्या संसदेत का मांडले नाही? उत्तर सरळ आहे. त्या संसदेत त्यांचे बाक नव्हते. बहुसंख्य आफ्रिकी जनतेचीही तीच स्थिती होती. कनिष्ठ सभागृहात तिच्या वतीने बोलणारे तीन सभासदसुद्धा गोरेच होते. ज्यांना स्वतःच्या घरात बोलता येत नाही त्यांच्यासाठी बाहेरच्या कोणी तरी बोलावे लागते. एका राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध तक्रार करण्यामागचे नैतिक समर्थन याच ठिकाणी आहे.

‘हा आमचा घरगुती प्रश्न आहे’

१९४६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क येथे सुनावणी झाली. तोवर दिल्लीत हंगामी सरकार आले होते. भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म. क. छागला हेही त्यात होते. समोर होते स्वतः स्मट्स. राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रास्ताविकात मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उल्लेख आहे. ते प्रास्ताविक घडवण्यात ज्यांचा मोठा हात होता तेच हे स्मट्स. मानवी हक्कांची भाषा ज्याने सनदेत आणली त्याच्याच सरकारला तिचा पहिला जाब द्यावा लागला.

स्मट्स यांची मुख्य ढाल होती सनदेच्या दुसऱ्या कलमाचे सातवे उपकलम. राज्याच्या अंतर्गत अधिकारातील बाबीत राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करू नये, असे ते सांगते. हे लोक आमचे रहिवासी, कायदा आमचा, जमीन आमची. म्हणून हा आमचा घरगुती प्रश्न आहे. वाटल्यास आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारताचे म्हणणे असे की, केपटाऊन करारामुळे हा प्रश्न दोन राष्ट्रांमधील झाला आहे. शिवाय सनदेवर सही करणाऱ्याने वंशभेद न पाळण्याचे बंधन स्वतःहून स्वीकारले आहे.

८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ठराव संमत केला. बाजूने ३२ मते, विरोधात १५, तटस्थ ७. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात होते. दोन तृतीयांश मतांची अट होती. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे : ४७ मतांचे दोन तृतीयांश म्हणजे एकतीसहून थोडे अधिक. एक मत बाजू बदलून विरोधात गेले असते तर ठराव कोसळला असता. भारतीय वंशाच्या लोकांना दिली जाणारी वागणूक दोन्ही सरकारांतील करार आणि सनद यांच्याशी सुसंगत असावी आणि दोन्ही सरकारांनी पुढील अधिवेशनात अहवाल द्यावा, असे त्यात म्हटले होते.

ठराव झाला, पण अन्याय थांबला काय? नाही. १९४७ च्या अधिवेशनात आवश्यक मते मिळाली नाहीत. १९४८ मध्ये स्मट्स यांचा पराभव करून मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि त्याने ते लंगडे प्रतिनिधित्वही रद्द केले. १९५० मध्ये वस्त्यांची वंशवार विभागणी करणारा कायदा आला. ठराव आणि अंमलबजावणी यांतील हे अंतर आपल्याला परके नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांना मिळाले नाही. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. तरी बोले ठरावच नसता तर महाडच्या सत्याग्रहाला कायद्याचा आधार कोठून मिळाला असता? ठरावाने पाणी मिळत नाही. ठराव पाण्यापर्यंत जाण्याचा हक्क नोंदवून ठेवतो. चालत मात्र आपल्यालाच जावे लागते.

१९४६ च्या ठरावाचेही तसेच झाले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा त्या वेळी न्यूयॉर्कला येऊन पोहोचले होते. मार्च १९४७ मध्ये त्यांनी नायकर आणि दादू यांच्याशी एकजुटीचा करार केला. तिघेही डॉक्टर असल्याने तो ‘डॉक्टरांचा करार’ म्हणून ओळखला जातो. केवळ भारतीयांचा असलेला प्रश्न हळूहळू सर्व काळ्या जनतेचा झाला. १९५२ पासून ‘अपार्थाइड’ हा स्वतंत्र विषय आमसभेपुढे आला. १९६२ मध्ये दोन्ही विषय एकत्र झाले, १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी लादली आणि एप्रिल १९९४ मध्ये सर्वांच्या मताधिकाराने तेथे पहिली निवडणूक झाली. पहिल्या तक्रारीपासून तेथवर ४८ वर्षे लागली.

उलट प्रश्न

हा धडा वर्गात शिकवताना दरवर्षी कोणी तरी विद्यार्थी हात वर करून विचारतोच, “सर, मग आपल्या गावातल्या वेशीबाहेरच्या वस्तीचे काय?” हा प्रश्न अवांतर म्हणून मी कधीच बाजूला सारला नाही. कारण तो १९४६ साली राष्ट्रसंघातही निघाला होता. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने भारतातील जातिव्यवस्थेकडे आणि अस्पृश्यतेकडे बोट दाखवण्यात आले. ज्यांच्या घरात कोट्यवधी लोकांना स्पर्शही वर्ज्य आहे त्यांनी आम्हाला समतेचे धडे देऊ नयेत, असा त्याचा रोख होता.

या प्रसंगी न्यायबुद्धीने कसे वागावे? दोन सोपे नियम ध्यानी ठेवावेत. पहिला : तक्रारदाराच्या दोषाने आरोपीचा दोष पुसला जात नाही. स्मट्स यांना अस्पृश्यांचा कळवळा नव्हता. अस्पृश्यता त्यांना केवळ ढाल म्हणून हवी होती. दुसरा : आरोपीचा दोष सिद्ध झाल्याने तक्रारदार निर्दोष ठरत नाही. शत्रूने सांगितले म्हणून सत्य असत्य होत नाही. पहिला नियम विसरला की आपण जुलमी राजवटीचे वकील होतो. दुसरा विसरला की आपण दांभिक होतो.

बाबासाहेबांचा न पाठवलेला अहवाल

याच १९४६ सालच्या जुलै महिन्यात बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील निग्रो संघटनेने राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. भारतातील अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा काय, हा विचार त्यांच्या मनात होता. डू बॉइस यांनी त्याच महिन्यात सहानुभूतीने उत्तर दिले.

पुढे काय झाले, ते बाबासाहेबांनीच सांगितले आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जे निवेदन तयार केले त्यात हिंदू कोड बिल आणि परराष्ट्र धोरण यांबरोबर अनुसूचित जातींकडे झालेल्या दुर्लक्षाचे कारण आहे. अनुसूचित जातींच्या स्थितीविषयी आपण राष्ट्रसंघासाठी अहवाल तयार केला होता. परंतु घटना समितीला आणि भावी संसदेला या प्रश्नाची दखल घेण्याची संधी द्यावी म्हणून तो सादर केला नाही, असे त्यांनी त्यात नमूद केले. आणि आजही स्थिती पूर्वीसारखीच आहे, अशी खंतही व्यक्त केली. निवेदनाची प्रत आधी दिल्याशिवाय ते सभागृहात वाचता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. ज्या संसदेवर विश्वास ठेवून त्यांनी जगाच्या दारात जाण्याचे टाळले, त्याच सभागृहात त्यांचे म्हणणे त्या दिवशी ऐकले गेले नाही.

तरीही अहवाल थांबवण्याचा त्यांचा निर्णय चुकीचा होता, असे मला वाटत नाही. डर्बनच्या मजुराला त्याच्या देशाच्या संसदेत बाक नव्हते. आपल्याला राज्यघटनेने ते मिळवून दिले. प्रौढ मताधिकार, राखीव जागा, अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम आणि थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट दाखवणारे बत्तिसावे कलम ही आपल्या हाती आहेत. आपल्या घरात बोलण्याची सोय असेल तर आधी तेथे बोलावे, हा त्या निर्णयामागचा विचार आहे. मात्र बाकावर बसलेल्याने तोंड उघडले नाही, तर बाक असणे आणि नसणे सारखेच.

पुन्हा डर्बन

या कथेचा एक उत्तरभाग आहे. सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाचे उच्चाटन करणारा आंतरराष्ट्रीय करार १९६५ मध्ये झाला. भेदभावाच्या व्याख्येत ‘वंश’ आणि ‘वर्ण’ यांच्या जोडीला ‘जन्मकुळ’ या अर्थाचा शब्द घालण्याची सूचना भारताची होती. १९६८ मध्ये भारताने कराराला मान्यता दिली. जन्मकुळावरून होणाऱ्या भेदभावात जातिभेद मोडतो, असे त्या कराराची देखरेख करणाऱ्या समितीने १९९६ मध्ये भारताच्या अहवालावर मत दिले. सरकारने ते मानले नाही.

२००१ मध्ये वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली. ती भरली डर्बनमध्ये, जेथे ‘ट्रुरो’तून मजूर उतरले होते आणि जेथे १९४६ चा सत्याग्रह झाला होता. भारतातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तेथे गेले आणि जातिभेदाची दखल घ्या, अशी मागणी त्यांनी केली. भारत सरकारची भूमिका होती : जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे आणि तो सोडवण्यास आमची घटना समर्थ आहे. घटना समर्थ आहे, यात शंका नाही. ती कोणी लिहिली हे आपल्याला ठाऊक आहे. पण ‘अंतर्गत प्रश्न’ हे शब्द वाचताना इतिहासाच्या शिक्षकाला १९४६ चे स्मट्स आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आणखी एक वळण पाहा. त्या वेळी आरोपीच्या जागी असलेल्या दक्षिण आफ्रिकेने, आता लोकशाही राष्ट्र म्हणून, २९ डिसेंबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्राएलविरुद्ध वंशसंहार-प्रतिबंधक करारान्वये दावा दाखल केला. राष्ट्रांच्या जागा बदलतात. वर सांगितलेले दोन नियम बदलत नाहीत.

समारोप

तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, तपासून पाहा. प्रश्न विचारणे हा आपल्या परंपरेत उद्धटपणा नाही, तो शीलाचा भाग आहे. संसदीय लोकशाहीत त्याच वृत्तीला प्रश्नोत्तराचा तास म्हणतात. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेता येतात. आपल्या मतदारसंघाच्या सभासदाने आपल्या वस्तीविषयी, शिष्यवृत्तीविषयी, अत्याचाराच्या खटल्यांविषयी किती प्रश्न विचारले, हे आपण कधी पाहिले आहे काय? ग्रामसभेतही प्रश्न विचारता येतो. तेथे आपण उभे राहतो काय?

या शाळेतून शिकून गेलेली मुले आज तलाठी, परिचारिका, वकील, शिक्षक, सरपंच झाली आहेत. त्यांच्याकडे कोणी गाऱ्हाणे घेऊन येईल तेव्हा “हा आमच्या कचेरीचा अंतर्गत प्रश्न आहे” असे उत्तर त्यांच्या तोंडून येऊ नये, एवढी अपेक्षा आहे.

स्वाध्याय

१. ‘घरगुती प्रश्न’ हा युक्तिवाद गावात, धर्मात आणि राष्ट्रांत कोणकोणत्या रूपांत पुढे येतो? प्रत्येकी एक उदाहरण द्या.
२. गोऱ्या प्रतिनिधींमार्फत मिळणारे प्रतिनिधित्व भारतीयांनी का नाकारले? पुणे कराराशी तुलना करा.
३. बाबासाहेबांनी राष्ट्रसंघाचा अहवाल थांबवला, हे योग्य होते काय? दोन्ही बाजू मांडा.
४. आपल्या आमदारांना किंवा खासदारांना विचारावयाचा एक प्रश्न लिहा. त्यावरचे उत्तर काय येईल याचा अंदाज बांधा आणि मग उपप्रश्न लिहा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत ठेवू नये. ते संबंधित प्रतिनिधीकडे पाठवावे.

जय भीम. नमो बुद्धाय.